झुबेरला कळवू नका

झुबेर मुकादम सत्तेचाळीस वर्षांचा झाला तरी नुसतं फिरायला म्हणून आयुष्यात कुठे गेला नव्हता. त्याच्या बायकोला, शहनाझला विचारलं असतं तर तिने शपथेवर सांगितलं असतं. वर्षातून एकदा जयगड, म्हणजे गाव. ते काय फिरणं झालं? आज या मामूकडे जेवण, उद्या त्या फुफूकडे, परवा कुणाची मंगनी, आणि सुट्टी संपली की पुन्हा शारजा.

नोकरी रास अल खैमाला. सकाळी सगळी शारजा दुबईकडे तोंड करून जॅममध्ये अडकलेली, आणि हा पठ्ठ्या एकटा उलट्या दिशेने. तिथल्या फ्री झोनमध्ये जहाजांवरच्या लाइफबोटी तपासून देणारी कंपनी होती. कंपनीचं हेड ऑफिस नॉर्वेत, बर्गन नावाच्या बंदरात. वीस वर्षांत हेड ऑफिसने झुबेरला फक्त ईमेल पाठवल्या. या मे महिन्यात मात्र पाच दिवसांच्या ट्रेनिंगला बोलावलं.

सोमवार ते शुक्रवार ट्रेनिंग आणि शुक्रवारीच परत, असा बेत होता. मॅनेजर म्हणाला, "रविवारचं तिकीट त्याच भावात मिळतंय. राहायचं तर राहा दोन दिवस, हॉटेलचं तुझं तू बघ." झुबेर घरी येऊन हे एखादा विनोद सांगावा तसं सांगत होता. "दोन रात्रींचे अकराशे दिरहॅम! म्हणजे सव्वीस हजार रुपये झाले! कशासाठी? तर डोंगर बघायला!"

"मग बघ की," आतल्या खोलीतून अब्बा म्हणाले.

अब्बा म्हणजे झुबेरचे वडील, मोहिद्दीन. वय एकोणऐंशी. अम्मी गेल्या, गावचं घर बंद झालं आणि दोन वर्षांपूर्वी झुबेरने त्यांना आपल्या व्हिसावर शारजाला आणलं. त्याआधी एकतीस वर्षं त्यांनी जहाजावर खलाशी म्हणून काढली होती. जगातली बंदरं त्यांना पाठ होती, आणि फक्त बंदरंच.

"बर्गनला मी दोनदा गेलोय," ते काठी टेकत बाहेर आले. "खत भरायला. आठ दिवस जहाज धक्क्याला आणि आम्ही जहाजावर. उतरायची परवानगी नाही. समुद्र तिथे डोंगराच्या पोटात शिरतो, आपल्या जयगडच्या खाडीसारखा, पण केवढा! आत दोन दोन दिवस बोट जाते म्हणे. आमचा कुक रोज म्हणायचा, मोहिद्दीन, एकदा आत जाऊन यायला पाहिजे होतं रे. तो मेला, मी म्हातारा झालो. आता तू जा."

"अब्बा, एकट्याने काय बघायचं?"

"माझ्या डोळ्यांनी बघ. आणि फोटो पाठव. नुसते तुझ्या थोबाडाचे नको, डोंगराचे पाठव."

घरात हशा पिकला. सोळा वर्षांची नात, इन्शा, टॅबलेट घेऊन तिच्या दादांशेजारी, म्हणजे आजोबांशेजारी बसली आणि दोघांनी मिळून शनिवारची बोट ठरवली. सकाळी नऊला सुटणारी, दिवसभर त्या खाडीच्या आत जाऊन संध्याकाळी परत आणणारी. अब्बा इतके खूश की जणू तिकीट त्यांचंच. मशिदीत, खालच्या ग्रोसरीत, लिफ्टमध्ये भेटेल त्या माणसाला सांगत सुटले, "पोरगा नॉर्वेला चाललाय. काम शुक्रवारपर्यंत, मग दोन दिवस फिरणार."

रविवारी झुबेर गेला. गुरुवारी अब्बांच्या छातीत दुखायला लागलं.

शहनाझ एका शाळेच्या ऑफिसात काम करायची. तीनच्या सुमारास घरी आली तर अब्बा पलंगाच्या कडेवर बसलेले, बनियन घामाने चिंब, एक हात छातीवर. "गॅस झालाय," ते म्हणाले. गॅस कसला? ओठ निळे पडले होते. ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटल, तारा, नळ्या. डॉक्टर म्हणाले, अटॅक आहे, थोडक्यात निभावलं, पण हृदय फार कमजोर आहे. दोन दिवस तरी आयसीयूत ठेवू, मग बघू.

तिने पर्समधून फोन काढला आणि अब्बांनी तिचं मनगट धरलं. अंगात ताकद नव्हती, पण पकड खलाशाची होती.

"त्याला सांगायचं नाही."

"अब्बा, असं कसं? मुलगा आहे तो तुमचा."

"मुलगा आहे म्हणून तर. तू सांगशील आणि तो सगळं टाकून धावत येईल. मग मी परवा बरा होऊन घरी जाणार आणि तो जन्मभर म्हणणार, तुमच्या पायी राहिलं. नको. पहिल्यांदा कुठे फिरायला गेलाय. रविवारी निघणारच आहे. तुला माझी कसम आहे, शहनाझ."

"कसम घालू नका, अब्बा."

"घातली. खलास."

आता इथेच कुणीतरी म्हणेल, कसम काय, मोडायची. बोलायला काय जातं! पण आपल्या लोकांत वाईट बातमी लपवण्याची रीतच आहे, आणि ज्याची माणसं दर्यावर नाहीतर परमुलखात, त्या गावात तर जास्तच. गल्फमधल्या माणसाला घरची वाईट बातमी कधी वेळेवर कळली आहे का? 'तब्येत जरा नरम आहे, जमलं तर ये,' असा फोन आला की माणूस समजून चुकतो आणि विमानात बसतो. स्वतः अब्बांना त्यांचे वडील गेल्याचं चार महिन्यांनी कळलं होतं. जहाज मुंबईच्या धक्क्याला लागल्यावर. "बरं केलं घरच्यांनी," ते नेहमी म्हणायचे. "भर समुद्रात कळून मी काय केलं असतं? नुसता रडलो असतो." याच घरात शहनाझ एकोणीस वर्षं सून म्हणून वावरली होती. तिलाही ते पटलं, म्हणजे त्या क्षणी तरी पटलं.

संध्याकाळी याकूबचाचा आले. अब्बांचे धाकटे भाऊ, वय सत्तर. बर दुबईत मीना बाजारला त्यांचं कापडाचं दुकान, आणि जयगडच्या जेवढ्या माणसांनी या मुलखात पाय ठेवला त्या सगळ्यांत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी आत जाऊन भावाला बघितलं, बाहेर आले, डोळे पुसले आणि म्हणाले, "भाईंचं बरोबर आहे. प्रवासातल्या माणसाला कळवू नये. इन्शाल्ला, दोन दिवसांत उठून बसतील."

इन्शा कॉरिडॉरच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. "धिस इज क्रेझी," ती म्हणाली. "मम्मा, इट्स हिज फादर. यू हॅव टू टेल हिम."

"दादांनी कसम घातलीय, बेटा."

"सो? ही इज अ पेशंट. पेशंट्स से थिंग्ज."

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," चाचा म्हणाले. ती आईकडे बघत राहिली. त्या नजरेने शहनाझला कानकोंड्यासारखं झालं.

शुक्रवारी दुपारी अडीचला बोटिम ॲपवर झुबेरचा व्हिडिओ कॉल आला. तिने तो घेतला नाही. हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन, श्वास सारखा करून, साधा कॉल लावला.

"व्हिडिओ का नाही घेतलास?"

"नेट खराब आहे इथे. बोला."

"संपलं ट्रेनिंग! सर्टिफिकेट मिळालं. आमच्या बॅचमध्ये मी एकटाच म्हातारा, बाकी सगळी पोरं. अब्बांना दे जरा."

"जुम्म्याला गेलेत."

"अजून? अडीच वाजले तिथे."

"बसले असतील गप्पा मारत. तुमचं नॉर्वेपुराण सांगत."

झुबेर हसला. ती जिन्याच्या पायरीवर बसली. नमाजच्या नावाने आपण खोटं बोललो हे तिला तेव्हाच टोचलं होतं. पुढे तो जे बोलला त्यासाठी ती तयार नव्हती.

"ऐक ना," तो म्हणाला. "मला इथे करमत नाही. खरंच सांगतो. काल संध्याकाळी एकटाच बंदरावर फिरलो. सगळं सुंदर आहे, पण कुणाला दाखवू? कंपनीच्या ट्रॅव्हलवाल्याला विचारलं, तो म्हणतो आज संध्याकाळच्या फ्लाइटवर अजून सीट आहे, बदलून देतो. उद्या सकाळी घरी पोहोचेन. येऊ का?"

ये. एवढा एकच शब्द. जिभेच्या टोकावर होता. तो शब्द तिने उच्चारला असता तर कसमही मोडली नसती, कारण ती काही सांगत नव्हती, तो आपणहून येत होता. हे तिच्या लक्षात आलं. नाही आलं असं नाही. पण तेवढ्यात तिला अब्बा दिसले. सकाळीच मास्क बाजूला करून ते नर्सला मोडक्या हिंदीत सांगत होते, "कल मेरा बेटा बोट में बैठेगा." डॉक्टर राऊंडला येऊन म्हणाले होते, कालच्यापेक्षा बरे आहेत. आणि हा उद्या सकाळी दारात उभा राहिला तर ते आधी तिच्याकडे बघतील, की तूच बोलावलंस.

"वेडे आहात का?" ती म्हणाली. "अब्बा किती चिडतील! त्यांनी सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय. राहा दोन दिवस. आम्ही कुठे पळून चाललोय?"

"नक्की?"

"नक्की."

"तुझा आवाज असा का येतोय?"

"एसीने सर्दी झालीय."

"काढा घे," तो म्हणाला. "बरं, राहतो मग."

तिने फोन ठेवला. आपण काहीतरी भयंकर केलंय असं तिला वाटलं, मग वाटलं, छे, रविवार तर परवाच. वर जाऊन तिने अब्बांना सांगितलं की झुबेर राहतोय. त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि अंगठा वर केला.

शनिवारी सकाळी साडेआठला नर्सने तिला आत बोलावलं. रात्री ऑक्सिजन वाढवावा लागला होता. अब्बांचा चेहरा एका रात्रीत ओढल्यासारखा झाला होता. इन्शा हट्टाने बरोबर आली आणि पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. अब्बांनी मास्क स्वतःच खाली ओढला.

"झुबेरला लाव," ते म्हणाले.

शहनाझला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अब्बा?"

"फोन लाव त्याला. मला बोलायचंय."

"तुम्हीच तर म्हणालात ना, कळवू नको..."

"लाव."

ती बाहेर पळाली. आत फोन चालत नव्हता, नर्सची परवानगी काढायला हवी होती. कॉरिडॉरमध्ये याकूबचाचा थर्मासमधून चहा ओतत होते. तिने स्क्रीनवर झुबेरचं नाव काढलं आणि तेवढ्यात त्याचाच मेसेज आला. नाश्त्याच्या ताटाचा फोटो. खाली लिहिलेलं, 'अंडी, पाव आणि मासा. बाकी सगळ्याला हात लावायची सोय नाही! तासाभरात धक्क्यावर जातो. अब्बांना सलाम सांग.' तो तिथेच होता, फोनच्या पलीकडे, जागा, हसतखेळत, तोंडात घास घेऊन.

"कुणाला फोन?" चाचांनी विचारलं.

"झुबेरला. अब्बा मागतायत."

चाचांनी कप खाली ठेवला. "आत्ता? या अवस्थेत? तो मास्क, त्या नळ्या बघून पोराचं काय होईल, कल्पना कर. परक्या मुलखात, एकटा. भाईंना रात्रभर झोप नाही, म्हणून मन हळवं झालंय. डॉक्टर म्हणाले ना, दुपारी मास्क काढून बघू. मग लाव. चांगल्या चेहऱ्याने बोलू दे बापलेकांना."

"पण ते आत्ता म्हणतायत, चाचा."

"अगं, चार तासांनी काय आभाळ कोसळतंय?"

तिचा अंगठा झुबेरच्या नावावर होता. एकोणीस वर्षांत तिने याकूबचाचांचा शब्द कधी मोडला नव्हता. आणि खरं सांगायचं तर तिला भीतीही वाटत होती. काल आपण 'नक्की' म्हणालो, जुम्म्याला गेलेत म्हणालो, आता त्याला काय तोंड दाखवणार? चार तास मिळाले तर बरंच, असं तिला त्या क्षणी वाटलं. हे तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही, पण स्वतःपासून ते तिला लपवता आलं नाही.

तिने फोन पर्समध्ये टाकला आणि आत गेली.

"लागत नाही, अब्बा," ती म्हणाली. "बोटीवर गेलेत ते."

अब्बांनी तिच्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. बर्गनचं घड्याळ किती मागे असतं हे त्या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती. बोट तिथल्या नऊला सुटणार आणि तिथे आत्ता सात वाजायचे होते. थोड्या वेळाने अब्बा पुन्हा म्हणाले, "परत लावून बघ." ती म्हणाली, "लावते." इन्शा पायथ्याशी उभी राहून सगळं ऐकत होती.

अकरा वाजून वीस मिनिटांनी अब्बा गेले. चार तास नव्हते, तीनही नव्हते. वीस मिनिटांपूर्वीच झुबेरची बोट सुटली होती आणि त्याचा फोन आता खरोखरच लागत नव्हता.

शहनाझ हंबरडा फोडून रडली. मग तोंड धुऊन याकूबचाचांसमोर उभी राहिली. "उद्यापर्यंत थांबू या. संध्याकाळी त्यांचा फोन लागेल. रात्री निघाले तर उद्या दुपारपर्यंत येतील. मुलाच्या हातची माती तरी..."

"आणि तोवर भाईंना शीतपेटीत ठेवायचं?" चाचांचा आवाज चढला, मग फाटला. "मय्यत ताटकळत ठेवायची नाही, बेटी. मी माझ्या भावाला असा थांबवणार नाही. मी आहे ना माती द्यायला? आणि त्याला आत्ता सांगून तरी काय? दफनाला पोहोचू तर शकत नाही. दोन विमानं बदलून, रडत, एकटा येणार. वाटेत त्याला काही झालं तर कोण जबाबदार? सोमवारी सकाळी येतोच आहे. आपण समोर असू, तेव्हा सांगू."

तिथे जमलेल्या सगळ्या मोठ्यांनी मान हलवली. हॉस्पिटलची, पोलिसांची कागदपत्रं करायला दोघे धावले. 'स्पॉन्सर कुठाय?' म्हणजे ज्याच्या व्हिसावर अब्बा होते तो, असं प्रत्येक खिडकीवर विचारत होते. 'बाहेरदेशी आहे, कंपनीच्या कामाला,' हे उत्तर देऊन शहनाझच्या फोनमधली झुबेरच्या पासपोर्टची आणि आयडीची कॉपी पुढे केली जात होती. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर जनाजा उठला. बायका घरीच राहिल्या.

आणि मग त्या लोकांनी जे केलं त्याची कमाल म्हणावी. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झुबेर होता, म्हणून त्या ग्रुपवर कुणी अक्षर टाकलं नाही. झुबेरला वगळून नवा ग्रुप काढला. शारजा, कुवेत, मुंब्रा, जयगड, दोनशेच्या वर माणसं. पहिला मेसेज याकूबचाचांचा. 'मोहिद्दीनभाई अल्लाहला प्यारे झाले. झुबेरला कळवू नका. प्रवासात आहे.' एरवी या लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. कुणाच्या मुलीला बघायला कोण आलं ते चहा निवायच्या आत तीन देशांत पोहोचतं. पण दोन दिवस दोनशे माणसं गप्प बसली, एकानेही चूक केली नाही. सगळ्यांच्या मनात प्रेमच होतं, त्यात वाद नाही. नुसत्या प्रेमाने दोनशे माणसांनी एका माणसाला फसवलं.

शनिवारी संध्याकाळी फोटो यायला लागले. घरात बायका कुराण वाचत बसलेल्या, आणि फोन वाजतोय, वाजतोय. काळे डोंगर. त्यावरून खाली पडणारं पांढरं पाणी. हिरवा समुद्र. झुबेर स्वतः एकाही फोटोत नव्हता. एक व्हिडिओ होता. वारा घोंगावतोय आणि त्यात झुबेरचा आवाज, "अब्बा, हे बघा. आत आलोय. तुमचा कुक बरोबर बोलत होता." खाली मेसेज, 'दिवसभर नेटवर्क नव्हतं. अब्बांना दाखवलास का?'

शहनाझने लिहिलं, 'हो.'

इन्शाने ते वाचलं. ती तिथून उठून गेली आणि बाथरूमचं दार लावून घेतलं. रविवारी दुपारी शहनाझने तिला फोनवर टाइप करताना पकडलं. 'पप्पा, कम होम, दादा इज' इथपर्यंत लिहून झालं होतं. शहनाझने फोन हिसकावून घेतला.

"विमानात बसतील आता ते. एकटे आहेत, इन्शा!"

"बिकॉज यू केप्ट हिम अलोन," इन्शा म्हणाली. शहनाझने आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण हात वर गेला होता.

सोमवारी सकाळी दुबई एअरपोर्टवर झुबेर ट्रॉली ढकलत बाहेर आला. चेहरा उन्हावाऱ्याने लाल झालेला. समोर बायको, चाचा आणि जमातीचे दोघे. त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. एकट्याला घ्यायला चार माणसं कशाला येतील? गल्फमधला माणूस एवढं ओळखतो.

"अब्बा?" त्याने विचारलं.

"तब्येत जरा नरम आहे," चाचा म्हणाले. "चल, गाडीत बस."

शारजात शिरल्यावर झुबेर म्हणाला, "हॉस्पिटल कुठलं?" चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी कब्रस्तानच्या रस्त्याला वळली आणि झुबेरच्या तोंडून असा आवाज निघाला की पुढे बसलेल्या शहनाझने कानांवर हात घेतले.

ती गाडीतच थांबली. बाप्ये त्याला आत घेऊन गेले. अर्ध्या तासाने परत आले तेव्हा झुबेरच्या हातांना रेती लागलेली होती आणि तो रडत नव्हता.

घरी पोहोचल्यावर त्याने बूट काढले नाहीत. हॉलमध्ये खुर्चीवर बसला. याकूबचाचा त्याच्या शेजारी, शहनाझ समोर जमिनीवर. इन्शा आजोबांच्या खोलीच्या दाराशी.

"कधी दुखायला लागलं?" झुबेरने विचारलं.

"गुरुवारी. तीन वाजता."

"म्हणजे शुक्रवारी मी येतो म्हणालो तेव्हा ते हॉस्पिटलमध्ये होते."

"हो."

"जुम्म्याला गेले नव्हते."

"नाही."

"आणि तू मला राहा म्हणालीस."

"त्यांनी कसम घातली होती हो. म्हणाले, पहिल्यांदा फिरायला गेलाय, फिरू दे त्याला." ती आता रडायला लागली होती. "मला वाटलं रविवारपर्यंत काही होणार नाही. डॉक्टर म्हणाले बरे आहेत. मी चुकले. मी फार चुकले."

झुबेरने हातांवरची रेती झटकली. मग म्हणाला, "त्यांनी कसम घातली. ठीक आहे. अब्बा तसेच होते. मला कळतं ते." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला आणि अगदी हळू, लहान पोराने विचारावं तसं विचारलं, "शेवटी माझी आठवण काढली का त्यांनी? मला बोलावलं का?"

"नाही रे," याकूबचाचा लगेच म्हणाले. "खुशीत गेले. पोरगा फिरतोय म्हणून समाधानात होते. तुझं नाव घेत होते, पण बोलावलं नाही. फोटो येतील, फोटो येतील, एवढंच."

झुबेरचे खांदे जरा सैल झाले. त्याने मान हलवली. एवढ्यावर तो कदाचित उभा राहिला असता. शहनाझला ते दिसत होतं. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. चाचांनी खोटं बोलून टाकलं होतं, तिला फक्त त्याला हो म्हणायचं होतं, किंवा तेही नाही. पण दाराशी इन्शा उभी होती. आणि तीन दिवस ही बाई ज्याच्या त्याच्याशी खोटं बोलत आली होती, नवऱ्याशी, मुलीशी, मरणाऱ्या माणसाशी, आणि आता तिच्यात आणखी एक खोटं मावत नव्हतं. तिला वाटलं, एकदा खरं सांगून टाकलं की तो शिव्या देईल, मारेल, पण सुटका होईल. कुणाची सुटका, हे तिने विचारलं नाही.

"बोलावलं होतं," ती म्हणाली.

"शहनाझ," चाचा म्हणाले.

"शनिवारी सकाळी. दोनदा. मला म्हणाले, झुबेरला लाव, मला बोलायचंय. तुम्ही नाश्ता करत होतात, तुमचा फोटो आला होता. मी लावला नाही. त्यांना म्हणाले, लागत नाही."

झुबेर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने दाराकडे, इन्शाकडे बघितलं. इन्शाने मान खाली घातली. आपल्या आईने आत्ता तरी बोलायला नको होतं, हे त्या पोरीलासुद्धा कळलं.

"सगळं लपवलंस," झुबेर म्हणाला. "मग एवढं तरी लपवायचं होतंस."